लोंबत्या क्लबमॉसच्या काड्या बुडाकडून पिवळ्या पडत असतील तर

लोंबता क्लबमॉस (झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, फुलं न येणारी वनस्पती) कुंडीत आहे, काड्या कुंडीजवळ पिवळ्या-तपकिरी आणि लोंबते शेंडे मात्र हिरवेगार, म्हणून मोठी कुंडी आणि खत द्यायचं, असा तुमचा विचार दिसतोय. कृपया दोन्ही थांबवा. हे उपासमारीचं लक्षण नाही, मुळं कुजल्याचं आहे.

फ्लेगमॅरियुरसची (हे या क्लबमॉसचं शास्त्रीय नाव; लेबलवर हुपर्झिया किंवा लायकोपोडियम लिहिलेलं असेल, ती जुनी नावं) मुळं काडीच्या टोकाच्या बाजूला आतच तयार होतात, काडीच्या आतूनच बुडाकडे येतात आणि तिथे बाहेर पडतात. ती थोडी, बारीक आणि चटकन तुटणारी असतात. फांदीवर वाढणाऱ्या या वनस्पतीला पाऊस भरपूर मिळतो, पण पाणी लगेच निथळतं आणि वारा लागतो. मोठ्या कुंडीचा मधला भाग ओलाच राहतो. पानं ताठ असल्यामुळे ती माना टाकत नाहीत, त्यामुळे पिवळेपणा दिसेपर्यंत खाली बरंच नुकसान झालेलं असतं.

आता एक खराब काडी हिरव्या भागात, स्वच्छ धारदार पात्याने कापा आणि काप भिंगातून पाहा. मधल्या गाभ्याभोवती पांढरट ठिपके दिसले तर ती खाली येणारी मुळं आहेत. तपकिरी डाग दिसला तर आणखी शेंड्याकडे सरकून कापा. असे निरोगी, वीतभर तुकडे ओलसर, घट्ट पिळलेल्या स्पॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आडवे ठेवा, वाकवलेल्या तारेने हलकेच टेकवा आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. झाकण रोज थोडा वेळ उघडा. मुळं फुटायला महिने लागतात. उचलून बघायचा मोह आवरा. जी काडी अजून बुडाशी निरोगी आहे ती मात्र कापू नका. तिचा शेंडा शेजारच्या मॉसच्या कुंडीत टेकवा आणि मूळ धरल्यावरच वेगळा करा, हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

बीजाणूंच्या (बियांऐवजी येणारे धुळीसारखे कण) नादी लागू नका. त्यांतून येणारी पहिली अवस्था बुरशीच्या सोबतीनेच जगते आणि अतिशय सावकाश वाढते. घरी ते जमण्यासारखं नाही.

पुढची कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच, भरपूर भोकांची घ्या. कुंडी भरायच्या मिश्रणात ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची जाड साल, परलाइट (पांढरे, हलके खडे), थोडा कोळसा आणि मूठभर मॉस. पाणी पावसाचं किंवा आरओचं, भरपूर घालून पूर्ण निथळू द्या आणि वरचा थर सुकत आला की पुन्हा. पूर्ण कोरडं कधीच नाही. खत नवे शेंडे वाढत असतानाच, नेहमीच्या पाव मात्रेत. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर हवी, पण हवा हलती हवी. दमट आणि कोंदट हवेत कूज परत येते. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत लपतात. मी ओल्या कुंचल्याने काढतो, तेलाचे फवारे टाळतो.

यापुढे रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेलं आहे का, हे आवर्जून विचारा. जंगलातून ओरबाडलेल्या रोपांची मुळं आधीच तुटलेली असतात, आणि इतक्या सावकाश वाढणाऱ्या वनस्पतीची फांदीवरची जागा लवकर भरून येत नाही.