मॅडम, कोर्स खरा आहे ना?

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे सल्ल्याला एक ठरावीक जोडी यायला लागते. अठरा-वीस वर्षांचा मुलगा आणि सोबत आई, नाहीतर मामा. पिशवीत दोन-तीन रंगीत पत्रकं. प्रश्नही ठरलेला असतो: वेल्डिंगचा कोर्स करायचा आहे, पण खरा कुठला? पैसे भरून फसलो तर? कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात हा प्रश्न इतक्या घरांतून ऐकला आहे की आता एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं. त्यासाठी अक्षयची गोष्ट सांगते. नाव खरं नाही, आणि ओळख पटू नये म्हणून आणखी काही मुलांचे तपशील त्याच्यात मिसळले आहेत.

अक्षयने दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा घेतला होता. गणिताचा एक विषय राहिला, मग आणखी दोन राहिले, आणि एका सकाळी त्याने कॉलेजला जाणंच बंद केलं. वर्षभर घरी. आई ब्लाउज शिवते, वडील नाहीत. मामा मस्कतला पाइपलाइनच्या कामावर. त्याचा फोनवर एकच धोशा: "सिक्स-जी कर आणि इकडं ये." सिक्स-जी म्हणजे पाइप वेल्डिंगची एक कठीण चाचणी. एका खासगी इन्स्टिट्यूटचं पत्रक घरी आलेलं होतं. तीन महिने, ६०,००० रुपये, नोकरीची शंभर टक्के हमी. आत्याचा मुलगा म्हणत होता, सरकारी आयटीआयच बरी. शेजारचे काका म्हणत होते, वेल्डर कशाला, फिटर कर.

अक्षयने यासाठी एक वही केली होती. प्रत्येक संस्थेसाठी एक पान: फी, मुदत, सर्टिफिकेट, हॉस्टेल, फोनवर कोण काय बोललं ते. इतकी व्यवस्थित वही डिप्लोमाच्या वर्षांत त्याने कधी केली नसेल. मी चाळली आणि विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"दिवाळीपासून."

"आणि वेल्डिंग करून बघितलंस कधी? रॉड हातात धरलास?"

"नाही मॅडम. आधी कोर्स तर ठरू दे."

आई मध्येच म्हणाली, "तुम्हीच एक नाव सांगा. आम्ही डोळे झाकून भरतो."

पहिल्या भेटीत मी कोर्सचं नाव कधीच सांगत नाही. लोक नाराज होतात, क्वचित कुणी परतही येत नाही. पण जो सारखी खात्री मागतो, त्याला दिलेली खात्री दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी फोन येतो: "पण मॅडम, समजा असं झालं तर?" शंकेला उत्तर देत राहिलं की शंका मोठी होते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता लोकांच्या नाराजीचं काही वाटत नाही. अक्षयने तर त्या एकाच इन्स्टिट्यूटला इतके फोन केले होते की तिथली मुलगी त्याचा आवाज ओळखायला लागली होती.

मी म्हटलं, "वही आठ दिवस माझ्याकडे राहू दे. तोवर कोर्सबद्दल बोलायचंच नाही. उद्यमनगरात, तिथल्या कारखान्यांत, कुणी ओळखीचं आहे?"

त्यांच्या नात्यातल्या एकाचं फॅब्रिकेशनचं शेड निघालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेतातली फाटकं, कारखान्याची किरकोळ कामं. तिथे आठ दिवस जायचं, पडेल ते करायचं आणि रोज थोडा वेळ भंगार प्लेटवर रॉड चालवू द्या म्हणून मिस्त्रींना विनवायचं, एवढंच काम दिलं. आईचा चेहरा उतरला. "शेडवरच पाठवायचं होतं तर डिप्लोमाला कशाला घातला असता?" त्या वाक्यावर मुलाने मान खाली घातली. ती मान मी लक्षात ठेवली.

पुढच्या भेटीला अक्षय आला तो लाल डोळ्यांनी. आर्क लागली होती, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड डोळ्यांना बाधला होता. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारा छोटा टाका, मारताना 'एवढ्याशासाठी कशाला' म्हणून स्क्रीन, म्हणजे काळ्या काचेची ढाल, न घेता बघितलं आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. आई वैतागलेली. मुलगा मात्र बसल्या बसल्या बोलायला लागला, आणि हे मी त्याच्याकडून पहिल्यांदाच पाहत होते.

"पहिल्या दिवशी रॉड नुसता चिकटत होता मॅडम. लावला की चिकटला."

"मग?"

"मिस्त्री म्हणले, चिकटला तर चिकटला. हिसका दे, सोडव, परत लाव. दुपारपर्यंत तेच."

"राग नाही आला?"

"नाही." तो थोडा थांबला. "त्यांनी पण काही मनावर घेतलं नाही ना. चिकटतोच म्हणले सगळ्यांचा."

"डिप्लोमात विषय राहिला तेव्हा कोण काय म्हणालं होतं?"

"कुणी काही नाही. निकाल लागायलाच दोन-अडीच महिने. तोवर मी घरात सांगायचो, चांगला गेलाय पेपर. मग निकाल लागला. मग परत सहा महिन्यांनी पेपर."

"आणि इथे निकाल कधी लागतो?"

तो हसला. "लगेच. हातोडीनं वरचा स्लॅगचा थर फोडला की दिसतंय. भोकं पडली असली तर पडलीच. कडेला अंडरकटची खाच असली तर आहेच. मिस्त्री बोट ठेवतात, हात जोरात चालला म्हणतात, मग पुढचा रॉड."

मी काही बोलले नाही. त्याचं वाक्य त्यालाच ऐकू येऊ दिलं. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, मला वाटतं, मी कोर्सला घाबरत नव्हतो."

"मग कशाला?"

"परत नापास व्हायला. ह्या वेळी तर आईचे साठ हजार घालून."

आईने पदर डोळ्यांना लावला. त्या वेळी मला जे उमगलं, ते नंतर अनेक मुलांच्या बाबतीत उपयोगी पडलं. एकदा आपटलेला मुलगा 'कोर्स खरा आहे का' असं विचारतो, तेव्हा बहुतेकदा त्याला विचारायचं असतं, 'मी ह्याला पुरेन का?' त्याचं उत्तर पत्रकात नसतं, माझ्याकडेही नसतं. अपयशाची लाज वाट बघण्याच्या काळात वाढते. चूक आणि ती कळणं ह्यांत महिने गेले की माणूस त्या महिन्यांत स्वतःबद्दल वाटेल ते रचतो. चूक तीन मिनिटांत कळली आणि चौथ्या मिनिटाला दुसरा रॉड हातात आला, तर रचायला वेळच मिळत नाही. धीर आधी येतो आणि मग हात चालतो, असं आपण मुलांना सांगत राहतो. माझ्या अनुभवात हात आधी चालतो.

गंमत म्हणजे कोर्स निवडायची कसोटीही त्यातूनच हाती आली. वही परत देताना मी अक्षयला म्हटलं, "फी आणि हॉस्टेल राहू दे. आता प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचं, वर्कशॉप चालू असताना, आणि विचारायचं: इथं एक मुलगा दिवसाला किती रॉड जाळतो? आणि त्याचा स्लॅग फुटल्यावर बघायला शेजारी कोण असतं?"

हे दोन प्रश्न मी आता सगळ्यांनाच देते. त्यांची उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली, ऑफिसातच चहा पाजून वाटेला लावलं, वर्कशॉप दाखवलंच नाही, तर तिथे पैसे भरू नयेत. दहा मुलांत एक चालू मशीन असेल तर मुदत तीन महिने लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात हातात येतात थोडेच दिवस. रॉड कुठले वापरतात ते बघावं. सगळं ६०१३ नंबरच्या साध्या रॉडवरच उरकत असतील तर पुढे दाबाच्या पाइप-टाक्यांच्या कामाला लागणारा ७०१८ नंबरचा रॉड हाताखालून जाणार नाही. आणि ७०१८ असेल तर तो भाजून ठेवायचा ओव्हन चालू आहे का, की कोपऱ्यात धूळ खातोय? प्लेट वाकवून बेंड टेस्ट घेतात का? धूर ओढून घेणारा पंखा आहे का? शिकवणारे गुरुजी स्वतः स्क्रीन लावतात का? अक्षयच्या आईला डोळ्यांची धास्ती होती. आर्क लागली तर सहसा एक-दोन दिवसांत डोळे निवळतात. घातक असते ती रोज स्क्रीनशिवाय टॅक मारायची सवय, आणि ती गुरुजींकडूनच लागते. गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे जिथे पहिल्या आठवड्यात सांगतात ती जागा बरी समजावी.

आता सिक्स-जीबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. पाइप ४५ अंशांत तिरका, घट्ट बांधलेला, फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरत वर, खाली, आडवं असं सगळं वेल्डिंग करायचं. बहुतेकदा रूट, म्हणजे सगळ्यात आतला थर, टिगने, म्हणजे आपल्याकडे ज्याला आर्गन म्हणतात त्याने, आणि वरचे रन, म्हणजे थर, आर्कने, म्हणजे रॉडने. ही चाचणी खरी आहे, कठीण आहे आणि आखातात तिला मान आहे. पण ज्याने सपाट प्लेटवर सरळ रन मारलेला नाही, त्याला एकदम तिथे नेऊन पोचवता येत नाही. शिवाय दुसरी गोष्ट पत्रकात नसते. एएसएमई या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे वेल्डरची चाचणी ज्या कंपनीचं काम, तिच्या जबाबदारीवर होते. त्या पद्धतीने सहा महिने काम झालं नाही तर ती पात्रता संपते. म्हणजे इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट दाखवलं तरी साइटवर परत पाइप समोर ठेवतात. बॉयलरच्या कामाला तर सरकारच्या बॉयलर खात्याची वेगळी परीक्षा लागते. कागदावर हमी विकत घ्यायला निघालेल्या घरांना मी हे मुद्दाम सांगते. काहींना वाईट वाटतं. अक्षयला उलट हायसं वाटलं. "म्हणजे कागद नाही, हातच बघतात."

आयटीआयमध्ये वेल्डर हा ट्रेड एक वर्षाचा. आठवी पास मुलालाही मिळू शकतो, फी खासगीच्या मानाने फारच कमी, आणि शेवटी देशभर चालणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र. पुढे १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते. विद्यावेतन मोठं नसतं, पण खऱ्या जॉबवर हात बसतो. मात्र सरकारी म्हणून डोळे मिटून जाऊ नये. कुठे गुरुजींची जागा रिकामी असते, कुठे रॉडचा साठाच येत नाही. तेच दोन प्रश्न तिथेही विचारायचे. फिटरवाल्या काकांचं म्हणणंही अगदी चुकीचं नव्हतं. फिटर दोन वर्षांचा, त्यामुळे पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडी राहते. एक वर्षाच्या वेल्डरने ती मिळत नाही. पण अक्षयला डिप्लोमाकडे परत जायचंच नव्हतं, आणि हे तो आता मान वर करून सांगू शकत होता.

उरले मामा. त्यांना मी माझ्यासमोरच फोन लावायला सांगितला. भाच्याने स्वतः बोलायचं, आईने नाही.

"मामा, मी आयटीआयला फॉर्म भरतोय. वर्ष झालं की अप्रेंटिस. सिक्स-जी त्यानंतर, हात बसल्यावर."

पलीकडून बराच वेळ कुरबुर चालली. वर्ष वाया जाईल, इथं आत्ता माणसं लागताहेत, वगैरे. अक्षय म्हणाला, "मामा, तुमची टेस्ट झालेली तेव्हा पहिल्याच पाइपला पास झाला होता काय?"

मामा हसले. नव्हते झाले. दुसऱ्या खेपेला झाले होते, आणि त्याआधी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका शेडवर हेल्परी केली होती, हे त्यांनी घरात कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत, आले की मी त्या दिवशी पुढच्या माणसाला थोडी उशिरानेच आत घेते.

जाताना मामांसाठी एक निरोप दिला, तो इथेही लिहिते. आखातात जायचं तर एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं, आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. 'कोर्स आणि व्हिसा मिळून दोन लाख' असं कुणी म्हणालं की तिथून उठावं. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी तपासणी हवी' असा शेरा, असतो आणि आखाती देशांत कामाला जाताना त्याला वेगळी परवानगी काढावी लागते, हेही आधीच माहीत असावं.

अक्षयला त्याच वर्षी आयटीआय मिळाली. सुट्टीच्या दिवशी तो अजून उद्यमनगरच्या शेडवर जातो, आणि मिस्त्री आता त्याला दिवसाचे थोडे पैसेही देतात. आईने एकदा फोन करून विचारलं, "ह्याला मध्येच परत कंटाळा आला तर?" मी म्हटलं, "ताई, त्याला विचारा, आज किती रॉड जाळले. बाकी काही विचारू नका."

हे वाचेपर्यंत आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या उलटून गेल्या असतील, तरी घाईघाईने मोठी फी कुठेही भरू नका. जवळच्या आयटीआयत रिकाम्या जागांची चौकशी करा, कारण शेवटच्या फेरीनंतरही काही ठिकाणी त्या उरतात. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा. मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यासारख्या ठिकाणी आठवीच्या आधारावरही वेल्डर ट्रेडची भरती निघते, तिच्या वयाच्या अटी बघून घ्या. मधल्या काळात एखाद्या शेडवर जा. स्क्रीन घेऊन.