फळीवरचा माणूस आणि नीतीचा शिक्षक

चिरंजीवास,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. तत्त्वज्ञानाचा एम.ए.चा अभ्यास चालू असताना आपल्या ख्रिस्ती मंडळीतील मुलांचा रविवारचा वर्ग तुझ्याकडे आला आणि आठवडाभर ज्या ग्रंथांत तू रमतोस ते रविवारी सकाळी हाती लागत नाहीत, असे तू लिहितोस. "नीतिमत्त्व म्हणजे काय हे मला सांगता येते, पण शिकवता येत नाही," हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांपैकी ज्याने या प्रश्नाला सर्वांत चिकाटीने हात घातला त्या लॅक्टॅन्शियसविषयी आज लिहितो.

हा उत्तर आफ्रिकेतला, लॅटिन वक्तृत्वाचा शिक्षक. रोमन सम्राट डायोक्लेशियनने त्याला निकोमीडियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमितला, शिकवण्यासाठी बोलावून घेतले. 23 फेब्रुवारी 303 रोजी राजवाड्यासमोरचे तेथील ख्रिस्ती प्रार्थनामंदिर सैनिकांनी जमीनदोस्त केले आणि ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू झाला. त्याच सुमारास शहरातला एक तत्त्वज्ञ ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध तीन पुस्तके घेऊन पुढे आला. लॅक्टॅन्शियस त्याचे नाव देत नाही, वर्णन मात्र देतो: वर्गात संयमाची आणि गरिबीची थोरवी गाणारा हा गृहस्थ राजवाड्यात मिळणार नाही असे जेवण घरी जेवत असे आणि न्यायाधीशांशी असलेल्या सलगीच्या जोरावर शेजाऱ्यांच्या जमिनी बळकावत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. छळाच्या त्या काळात लॅक्टॅन्शियसने 'दैवी उपदेश' अशा अर्थाचे नाव असलेला सात भागांचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा तिसरा भाग तत्त्वज्ञांच्या खोट्या शहाणपणावर आहे आणि पाचवा नीतिमत्त्वावर. लॅटिनमधल्या ज्या एका शब्दाला आपण कधी 'न्याय' म्हणतो आणि कधी 'नीतिमत्त्व', तोच त्याचा विषय आहे.

तू पाचव्या भागापासून सुरुवात कर, कारण तत्त्वज्ञानाची सर्वांत अवघड चाल तेथे त्याने प्रामाणिकपणे मांडली आहे. इ.स.पू. 155 मध्ये अथेन्सचा राजदूत म्हणून रोमला आलेल्या कार्नेअडीझ या ग्रीक तत्त्वज्ञाने एके दिवशी न्यायाच्या बाजूने भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच ताकदीने न्यायाच्या विरुद्ध केले. विरोधाचा गाभा हा होता: जहाज फुटले आहे, तुझ्यापेक्षा दुबळा माणूस एका फळीला धरून तरंगतो आहे आणि पाहायला कोणी नाही. तू त्याला ढकलून फळी घेशील का? घेशील तर तू अन्यायी, न घेता बुडशील तर मूर्ख. म्हणजे शहाणपण आणि न्याय एका माणसात नांदू शकत नाहीत. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने हे भाषण आपल्या एका ग्रंथात घेतले होते. तो ग्रंथ पुढे बराचसा हरवला आणि या वादाचा मोठा भाग आपल्याला लॅक्टॅन्शियसमुळे माहीत आहे.

त्याचे म्हणणे असे की तत्त्वज्ञांना याचे उत्तर देता आले नाही आणि येणारही नव्हते, कारण त्यांनी माणसाचा हिशेब मृत्यूपाशी बंद केला होता. तो हिशेब खरा धरला तर बुडणारा नीतिमान माणूस मूर्खच ठरतो. देव आहे आणि त्याच्यापुढे जीवन संपत नाही, असे मानले तरच तो शहाणा ठरतो. येथवर मी त्याच्याबरोबर आहे. पण पुढे तो असेही म्हणतो की नीतिमान माणूस समुद्रावर जाईलच कशाला, त्याला काय परमुलखातून आणायचे आहे? हे उत्तर नव्हे, पळवाट आहे. कोळ्यांच्या आणि खलाशांच्या मुलांना तुला शिकवायचे असेल तर हे चालणार नाही. तुझ्या प्राध्यापकांनी अशा जागी बोट ठेवले तर रागावू नकोस, ते बरोबर असतील.

तत्त्वज्ञानाची दुसरी मर्यादा तो सांगतो ती मला अधिक मोलाची वाटते. तत्त्वज्ञ व्हायचे तर आधी लिहिणे-वाचणे आले, मग व्याकरण, वक्तृत्व, भूमिती, संगीत, खगोल. इतके शिकायला वेळ कोणाला? शेतात राबणाऱ्याला, लहानपणापासून हातांनी काम करणाऱ्याला, गुलामाला, घर चालवणाऱ्या स्त्रीला तो वेळ मिळत नाही. आणि नीतीची गरज तर सर्वांना आहे. मग जी विद्या माणसांपैकी बहुतेकांना दाराबाहेर ठेवते ती जीवनाची गुरू कशी? नीतिमत्त्वाचे दोन झरे तो मानतो, देवाला ओळखणे आणि दुसऱ्याला आपल्या बरोबरीचे मानणे. आम्ही एकमेकांना भाऊ म्हणतो ते एवढ्याचसाठी की आम्ही स्वतःला समान समजतो, असे तो लिहितो. हे वाचताना मला आपल्या मंडळ्या आठवतात, जेथे लग्न जुळवताना अजूनही हळू आवाजात पूर्वाश्रमीची जात विचारली जाते, आणि मान खाली जाते.

आता तुझा मूळ प्रश्न. चौथ्या भागात लॅक्टॅन्शियस शिक्षक आणि शिष्य यांना समोरासमोर उभे करतो. शिक्षक म्हणतो, रागावू नकोस, लोभ धरू नकोस, वेदनेला भिऊ नकोस. शिष्य म्हणतो, तू अशक्य गोष्टी सांगतोस. मी हाडामांसाचा आहे, मला राग येतो, मला दुखते; शक्य आहे असे तुला वाटत असेल तर आधी तू करून दाखव. या उत्तरापुढे केवळ उपदेश लंगडा पडतो. म्हणून, तो म्हणतो, नीतिमत्त्वाच्या परिपूर्ण शिक्षकाने स्वर्गातून आज्ञा पाठवणे पुरेसे नव्हते. त्याला देह धारण करावा लागला, भूक आणि मरण सोसावे लागले, म्हणजे मग "मला जमत नाही" ही सबब कोणाला उरली नाही. ख्रिस्ताच्या देहधारणेचे इतके शिक्षकी स्पष्टीकरण मी दुसरीकडे फारसे वाचलेले नाही.

माझ्या तरुणपणी मी सलग काही रविवार क्षमेवर वर्ग घेतला. त्या काळात माझे सख्ख्या भावाशी बोलणे बंद होते. नवव्या-दहाव्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही काकांना क्षमा केली का?" मी विषय बदलला. भावाच्या घरी गेलो तो पुढे चार महिन्यांनी, आणि तोवरचे माझे सगळे धडे वाया गेले असे मी आजही मानतो.

एवढ्यावरून तू पुस्तके मिटून ठेवशील तर ते मला नको आहे. तत्त्वज्ञांना हसण्याच्या भरात लॅक्टॅन्शियस पृथ्वी गोल मानणाऱ्यांनाही हसला. पलीकडच्या बाजूला माणसे पाय वर करून कशी उभी राहतील, असे त्याने विचारले. 1543 साली कोपर्निकसने आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्याच्या या चुकीचा नावानिशी उल्लेख केला. तत्त्वज्ञानाची मर्यादा दाखवणाऱ्याला स्वतःची मर्यादा दिसली नाही. त्याच्याआधीचा जस्टिन ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा घालून रोममध्ये शिकवत राहिला आणि 165च्या सुमारास त्याच शहरात मारला गेला. पॅलेस्टाइनमधल्या सीझरिया शहरात ऑरिजेन हा ख्रिस्ती विद्वान आपल्या विद्यार्थ्यांना तर्क, भूमिती आणि ग्रीक तत्त्वज्ञांचे ग्रंथ शिकवी. कायदा शिकायला निघालेला ग्रेगरी नावाचा तरुण त्याच्याकडे गेला आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिला. निरोपाच्या भाषणात त्याने कृतज्ञतेने सांगितले की या गुरूने सद्गुणांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या नाहीत, स्वतःच्या वागण्यातून ते आम्हाला लावले.

तेव्हा एम.ए. नीट पूर्ण कर. फळीचा प्रश्न तुझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांपुढे सोप्या भाषेत ठेव आणि उत्तर लगेच देऊ नकोस. लॅक्टॅन्शियसने सहाव्या भागात नीतिमत्त्वाची कामे सांगितली आहेत: परक्याला घरात घेणे, कैद्याला सोडवणे, विधवा आणि पोरक्यांचे रक्षण करणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, ज्याचे कोणी नाही त्याला मूठमाती देणे. यांपैकी शुश्रूषा तुझ्या आवाक्यात आहे. गेल्या महिन्यात तू लिहिले होतेस की मंडळीतल्या एक आजी पडून आहेत आणि त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. येत्या रविवारी वर्ग अर्धा तास लवकर सोड, मुलांना बरोबर घे आणि त्यांच्या घरी जा.

तुझा,
सर