पाठ संपला की लगेच उठू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज वाचला, खूप आनंद झाला. परदेशात दहा दिवस, तीन शाळा बघायच्या, आणि परत आल्यावर आपल्या शाळेच्या त्यांच्याबरोबरच्या पार्टनरशिपचा प्रस्ताव पण तुलाच लिहायचाय, म्हणजे काम मोठंय. काय वाचून जाऊ असं विचारलंस, ते तू शोधशीलच. मला बोलायचंय ते बघण्याबद्दल, कारण परदेशातल्या शाळेत गेल्यावर माझं सगळ्यात जास्त तिथेच चुकलं.

पाहुणे येणार म्हटल्यावर कुठलीही शाळा आपला चांगला वर्ग दाखवते. त्यात लबाडी नाही, आपणही तेच करतो. पण होतं काय, तू मागच्या बाकावर बसून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा एक सुंदर पाठ बघणार, फळ्याचे फोटो काढणार आणि मनात येणार की हे तर आपण सोमवारपासून सुरू करू शकतो. तिथे थांब. हा पाठ इथवर कसा पोचला ते आधी विचार. जपानमधे जुग्यो केन्क्यू नावाची पद्धत आहे, बाहेर सगळे तिला लेसन स्टडी म्हणतात. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, मुलं कुठे अडतील, कुठली चुकीची उत्तरं देतील याचा आधीच अंदाज बांधतात, मग त्यांच्यातला एक जण शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे बघत टिपणं घेतात, शिकवणाऱ्याकडे नाही, मुलांकडे, आणि नंतर सगळे बसून त्या एका पाठावर बोलतात. तुला दिसणार तो फक्त मधला तुकडा. त्यामुळे पाठानंतरच्या त्या बैठकीला बसायची परवानगी मिळते का बघ, भाषा कळली नाही तरी बस, दुभाषा असेल तर उत्तमच.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 2014 पासून इंग्लंड आणि शांघाय यांच्यात गणिताच्या शिक्षकांची अदलाबदल सुरू झाली, इकडचे तिकडे गेले, तिकडच्यांनी इकडे येऊन वर्ग घेतले. छोट्या छोट्या पायऱ्या, सगळा वर्ग एकत्र पुढे नेणं, हे इंग्लंडच्या शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं. पण शांघायमधे प्राथमिकचा गणिताचा शिक्षक साधारणपणे फक्त गणितच शिकवतो, दिवसाला दोनेक तास, आणि उरलेला वेळ वह्या तपासायला, सहकाऱ्यांबरोबर तयारी करायला आणि जे मूल आज अडलं त्याला आजच बसवून समजवायला जातो. इंग्लंडमधे प्राथमिकचा एकच शिक्षक बहुतेक सगळे विषय घेतो. पाठ्यपुस्तक विमानातून आणता येतं गं, तो वेळ कसा आणणार?

म्हणून माझं ऐकशील तर प्रत्येक शाळेत सगळ्यात आधी टाइमटेबल माग. मुलांचं नको, शिक्षकांचं. आठवड्याला किती तास शिकवता, वह्या कधी तपासता, दोन शिक्षकांना एकत्र बसायला वेळ कोण काढून देतं, हे विचार. आणि हे प्रश्न मुख्याध्यापकांना नको विचारूस, स्टाफरूममधे बसलेल्या, नोकरीला लागून दोन-तीन वर्षंच झालेल्या शिक्षकाला विचार, तो खरं सांगतो.

लिहिताना मत नको, जे दिसलं ते लिही. होरेस मॅन हा अमेरिकन माणूस 1843 साली युरोपातल्या शाळा बघत फिरला, आणि परत येऊन त्याने जो रिपोर्ट लिहिला त्यात प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या, शाळांबद्दल काय नोंदवलंय बघ, की वाचन-स्पेलिंग सोडून कुठलाही धडा घेताना हातात पुस्तक धरलेला शिक्षक दिसला नाही, खुर्चीत बसून धडा घेणारा दिसला नाही आणि एकाही मुलाला शिक्षा होताना दिसली नाही. 'वातावरण प्रेरणादायी होतं' असं लिहिलं असतं तर आपण आज त्याबद्दल बोलत नसतो. माझ्या पहिल्या दौऱ्याच्या वहीत मात्र अशीच वाक्यं आहेत, आणि ती वही पुढे मला कधीच उपयोगाची पडली नाही.

आता देण्याबद्दल. तू शिकायला चाललीयेस तशी द्यायला पण चाललीयेस, हे विसरू नकोस. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री 1789 नंतर मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत काम करत होता, तिथे जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याला दिसली. ते त्याने आपल्या वर्गात आणलं, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची पद्धत बसवली, 1797 ला लंडनमधे त्यावर पुस्तक काढलं आणि ब्रिटनभर ती 'मद्रास पद्धत' म्हणूनच पसरली. म्हणजे कल्पना एकाच दिशेने जात नाहीत. तेव्हा आपल्या शाळेचं चकचकीत प्रेझेंटेशन नको नेऊस, मुलांच्या वह्या ने, नावं झाकून, चुका तशाच ठेवून. एकाच गणितावर पाच मुलांनी केलेल्या पाच वेगळ्या चुका टेबलावर ठेवल्यास ना, तर जगातला कुठलाही शिक्षक खुर्ची ओढून पुढे सरकतो.

पार्टनरशिपचं सांगते. मी ज्यात होते तो पहिला करार अगदी थाटात झाला, सह्या, फोटो, दोन्हीकडचे मोठे लोक. वर्षाच्या आत तिकडची ओळखीची व्यक्ती बदलून गेली आणि मेलला उत्तरं येणं बंद झालं. नंतर जे टिकलं ते दोन शिक्षकांचं होतं, त्यांच्याकडची एक आणि मी, आणि आमचा प्रश्न एकच, अपूर्णांकांची बेरीज करताना मुलं खालचे आकडे पण का मिळवतात. महिन्यातून एकदा तेच उदाहरण दोन्ही वर्गांना द्यायचं आणि उत्तरपत्रिका एकमेकींना पाठवायच्या, बस एवढंच. युरोपात 2005 पासून ई-ट्विनिंग नावाचा वेगवेगळ्या देशांतल्या शाळांना ऑनलाइन जोडणारा उपक्रम चालतो, तिथेही प्रोजेक्टची सुरुवात दोन शिक्षकांपासूनच होते, मला ते फार योग्य वाटतं.

कॅलेंडर आधीच जुळवून बघ. जपानचं वर्ष एप्रिलमधे सुरू होतं, फिनलंडचं ऑगस्टमधे, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या शेवटी. एकाची परीक्षा तेव्हा दुसऱ्याची सुट्टी, नुसत्या याच कारणाने किती चांगले प्रोजेक्ट बंद पडतात. मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नकोस, हे वेगळं सांगायला नकोच. आणि प्रस्तावात त्यांच्या शिक्षकांनी आपल्याकडे येण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धर, नाहीतर कायम आपणच बघे आणि तेच दाखवणारे असं होऊन बसतं, याबाबतीत मी तुला अजिबात सूट देणार नाही.

पहिल्या शाळेतून आलीस की त्याच रात्री तिथल्या एका शिक्षकाचा सोमवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा जातो तेवढं लिहून पाठव. कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागी असेन.

तुझी,
मॅडम