‘वळण पाळावे’ कानाला का खटकतं?

नाशिकच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. शाळेच्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात ‘विद्यार्थ्यांनी शिस्त व चांगले वळण पाळावे’ असं वाक्य आलंय. ते त्यांना खटकतं, पण चूक कुठे ते सापडत नाही. शिवाय ‘शिस्त’ हा ‘शासन’, ‘शिष्य’ यांच्याच घरातला शब्द का, हेही त्यांना हवंय.

ताई, तुमचा कान बरोबर आहे. दोन्ही शब्दांची क्रियापदं लावून बघा. शिस्त आपण पाळतो आणि मोडतो. वळण पाळता येत नाही आणि मोडताही येत नाही, ते लागतं. आईवडील किंवा शिक्षक ते लावतात, पण मूल स्वतः ठरवून उद्यापासून वळण पाळू शकत नाही. दुसरा फरक तर याहून बोलका आहे. वळण वाईटही असू शकतं. ‘पोराला वाईट वळण लागलं’ असं आपण सहज म्हणतो, ‘वाईट शिस्त लागली’ असं कुणी म्हणत नाही.

आता घराणं. ‘शासन’, ‘शिष्य’ हे ‘शास्’ धातूचे; ‘शिस्त’ चा त्या धातूशी संबंध नाही, तो फारसीतून आलेला शब्द आहे. जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ नेम किंवा रोख असा होता, बंदुकीची शिस्त धरत. नेम धरायचा तर सगळं एका रेषेत यावं लागतं, आणि मैदानावरच्या रांगेपर्यंत ही रेषा आजही शिस्तीत टिकून आहे असं मला वाटतं. आणि शब्द फारसी, म्हणून तर उलट अर्थाला आपण फारसीच ‘बे’ लावतो, बेशिस्त.

‘वळण’ मात्र वळणे या क्रियापदाचं. दोर वळतात, लाडू वळतात, गुरं वळतात. नाशिककरांना हा शब्द समजावून सांगायची गरजच नाही. दिंडोरी तालुक्यातली मांजरपाडा वळण योजना आठवा. पश्चिमेला गुजरातकडे वाहून जाणारं पाणी तिथे बोगद्यातून पूर्वेकडे आणलंय. पाणी अडवून धरणं निराळं आणि त्याला वाट काढून देणं निराळं. ‘वर्तन’ चं मूळही फार लांब नाही. ‘वृत्’ म्हणजे फिरणं, वळणं. गंगापूर धरणातून कालव्याला सुटणारं ‘आवर्तन’ त्याच धातूचं.

पण माझा सगळ्यात आवडता वापर अक्षराचा. ‘तिच्या अक्षराला वळण आहे’ असं आपण म्हणतो. मोडी लिपीचे जाणकार तिच्या लेखनशैलींतलं चिटणिशी वळण वेगळं ओळखतात. हे वळण यायचं कसं? समोर कित्ता ठेवून, तो पुन्हा पुन्हा गिरवून. नियम वाचून अक्षर सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि कित्ता वेडावाकडा असेल, तर मूल तितक्याच मन लावून वेडंवाकडं गिरवतं.

‘चारित्र्य’ ही मसुद्यात दिसतंय. मूळ ‘चर्’, म्हणजे चालणं, वागणं. शब्द चांगला आहे, पण आज तो पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत आणि घेतलेल्या संशयांत इतका अडकलाय, की दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवायला मला जड वाटतो.

माझी दुरुस्ती अशी: विद्यार्थ्यांच्या पानावर फक्त ‘शिस्त पाळावी’ ठेवा, आणि पुढे कोणती ते स्पष्ट लिहा. वेळेवर येणं, रांग न मोडणं, दुसऱ्याची वस्तू विचारून घेणं, असं. ‘वळण’ शिक्षक-पालकांच्या पानावर न्या: ‘मुलांना चांगले वळण लागेल असे आपण वागावे.’ तिथे व्याकरणही बसतं आणि कर्ताही योग्य माणूस होतो.

आणखी एक. मसुद्यात दोन ठिकाणी ‘वर्तवणूक’ पडलंय. वर्तवणं म्हणजे भाकीत सांगणं, ते हवामान खात्याचं काम. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असते ती ‘वर्तणूक’. तेवढा मधला ‘व’ काढून टाका.