पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज): तेच प्रश्न, पुन्हा एकदा

प्रश्न: रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) नॉर्मलच्या तिप्पट आलं म्हणून बाबांना ॲडमिट केलं, पण आता ते रोज तपासतच नाहीत. हलगर्जीपणा नाही का हा?
उत्तर: नाही. तो आकडा निदानापुरता, आजार किती गंभीर हे त्यावरून कळत नाही.

प्रश्न: दारूमुळे झालं होतं. आता बरा आहे, अधूनमधून थोडी चालेल?
उत्तर: नाही.

प्रश्न: स्वादुपिंडाला आराम म्हणून आठवडाभर उपाशी ठेवतात असं ऐकलं, इथे तर दुसऱ्याच दिवशी खायला दिलं.
उत्तर: बरोबर केलं. सौम्य आजारात उलट्या थांबून भूक लागली की २४ तासांतच हलकं खाणं सुरू करतात, आतडं रिकामं ठेवलं तर त्याचं अस्तर कमजोर होतं आणि जंतू आत शिरायची भीती वाढते. खाणं जमलंच नाही तर नाकातून नळी. बाहेरून कुणी सुचवलेले पचनाच्या एन्झाइमचे डबे मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न: आईला पित्ताशयातल्या खड्यांमुळे झालं. चौथ्या दिवशी दुखणं थांबलं. ऑपरेशन दोन महिन्यांनी, माझ्या परीक्षा झाल्यावर केलं तर? ओळखीच्या एकांनी खडे विरघळवायचं औषधही सांगितलंय.
उत्तर: हे वाचून माझं डोकं फिरतं. दुखणं थांबलं म्हणजे फक्त अडकलेला खडा पुढे सरकला, बाकीचे तिथेच आहेत आणि त्यातला कुठला उद्या पित्तनळीत उतरेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि पुढचा अटॅक सौम्यच असेल असं लिहून कोण देणार? नेदरलँड्समधल्या २०१५ च्या अभ्यासात त्याच ॲडमिशनमध्ये पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्क्यांना पुन्हा खड्यांचा गंभीर त्रास झाला, घरी पाठवून महिनाभराने बोलावलेल्यांत १७ टक्क्यांना. म्हणजे दोन महिने सोडाच, एक महिनाही महागात पडतो! ते औषध विसरा, काही ठरावीक छोट्या खड्यांवरच चालतं, तेही महिनोन्‌महिने घेऊन. आजार गंभीर असेल, पोटात पाणी साचलं असेल तर सर्जन स्वतःच थांबवतात, ती गोष्ट वेगळी. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी विचारा, ‘पित्ताशय कधी काढणार?’ ‘बघू नंतर’ म्हणाले तर कारण विचारा, आणि पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

प्रश्न: अँटिबायोटिक का देत नाहीत?
उत्तर: इन्फेक्शन नसेल तर उपयोग नाही.

प्रश्न: सीटी स्कॅनमध्ये नेक्रोसिस (स्वादुपिंडाचा मेलेला भाग) दिसलं. लगेच कापून काढत का नाहीत?
उत्तर: कारण सुरुवातीला सडका आणि चांगला भाग वेगळा करता येत नाही, रक्तस्राव होतो. भोवती भिंत धरायला साधारण ४ आठवडे लागतात, तोवर जमेल तितकं थांबतात. मधेच इन्फेक्शन झालं तर आधी नळी टाकून पू काढून बघतात. ताप आला, धाप लागली, लघवी कमी झाली तर राउंडची वाट न बघता सिस्टरना लगेच सांगा.