ए-१४ मास्क, ए-१४ रेग्युलेटर: जोडी जुळते का?

प्रश्न (ठाणे): जुन्या सामानाच्या दुकानातून दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन वैमानिकाचा ऑक्सिजन मास्क घेतला. हिरवट रबर, घड्याघड्यांची नळी, पुढे माइकसाठी खण. दुकानदाराने ‘ए-१४’ म्हणून दिला. सोबतच्या गोल रेग्युलेटरच्या (मास्कला ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवरही ‘टाइप ए-१४’ आहे. हा एकच संच मानायचा का?

उत्तर: नाही. अमेरिकन लष्करी हवाई दलात मास्कची क्रमांकमालिका वेगळी होती आणि रेग्युलेटरची वेगळी. दोन्हींत ‘ए-१४’ येणं हा निव्वळ योगायोग, आणि त्यावरच बरेच चुकीचे संच विकले जातात. ए-१४ मास्क ए-१२ रेग्युलेटरबरोबर वापरायचे. ए-१४ रेग्युलेटरला ए-१३ किंवा ए-१३ए मास्क लागायचा.

कारण श्वास देण्याच्या पद्धतीत आहे. ए-१२ मागणीनुसार चालतो. वैमानिकाने श्वास ओढला की रबरी पडदा आत खेचला जातो, झडप उघडते आणि ऑक्सिजन येतो. श्वास थांबला की बंद. आतली निर्वात डबी उंचीप्रमाणे फुगत बाहेरच्या हवेची वाट कमी करते आणि सुमारे ३०,००० फुटांवर ती पूर्ण मिटते. पण ४०,००० फुटांच्या वर शुद्ध ऑक्सिजनही पुरत नाही, तो दाबाने फुप्फुसात भरावा लागतो. ते काम ए-१४ रेग्युलेटरचं. साध्या मास्कला हा दाब दिला तर उच्छ्वासाची पातळ झडप उघडीच राहते आणि ऑक्सिजन वाया जातो.

म्हणून ओळख छापावरून नव्हे, झडपांवरून करा. मास्क उलटा धरून आत टॉर्च मारा. उच्छ्वासासाठी एकच साधी रबरी पाकळी असेल तर तो ए-१४. आत दोन्ही बाजूंना श्वास घेण्याच्या एकेरी झडपा आणि हनुवटीपाशी जाडसर, डबीसारखी उच्छ्वासाची झडप दिसली तर तो ए-१३ कुळातला. त्या डबीच्या मागे नळीतला दाब पोहोचतो, त्यामुळे वैमानिक जोर लावेपर्यंत ती मिटलेली राहते.

रेग्युलेटर याहून सोपा. ए-१२ वर ‘ऑटो-मिक्स’ची (ऑक्सिजनमध्ये बाहेरची हवा मिसळण्याची) कळ आणि आणीबाणीचा लाल नॉब असतो. ए-१४ वर दाबाची चकती असते: नॉर्मल, सेफ्टी, ४१ एम, ४३ एम, ४५ एम. एम म्हणजे हजार फूट. ही चकती तुमच्या रेग्युलेटरवर असेल तर पट्टी खरी समजा आणि तुमच्या ए-१४ मास्कसाठी ए-१२ रेग्युलेटर शोधायला लागा. माइकचा खण रिकामा असेल तर त्यात एएनबी-एम-सी१ हा कार्बन माइक बसतो.

अशा वस्तू आपल्याकडे सापडतात यात नवल नाही. १९४४ मध्ये खरगपूर परिसरात अमेरिकन बी-२९ विमानांचे तळ होते, आणि आसामातून चीनकडे रसद नेणारी विमानं हिमालय ओलांडत होती.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्याकडचा ए-१२ चालू आहे का, हे वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरवर तपासता येईल का?

उत्तर: कृपा करून हे करू नका. हा रेग्युलेटर ४०० ते ४५० पीएसआयच्या, म्हणजे साधारण ३० किलो दाबाच्या यंत्रणेसाठी होता. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० किलो दाब असतो. त्याहून मोठा धोका तेलाचा. ऐंशी वर्षांत कुणीतरी आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलेलंच असतं, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

कोरडी तपासणी करा. ऑक्सिजन आत येण्याचं तोंड बुचाने बंद करा. मास्ककडच्या तोंडाला स्वच्छ रबरी पिचकारी लावून हळूच हवा ओढा. तोंडाने ओढू नका, आत बुरशी आणि रबराचा भुगा असतो. ऑटो-मिक्स ‘ऑन’ असताना हवा सहज यायला हवी. ‘ऑफ’ केल्यावर ओढ अडली पाहिजे, कारण तेव्हा बाहेरच्या हवेची वाट बंद असते. तरीही हवा येत असेल तर बहुधा पडदा कडक होऊन चिरलेला आहे. लाल नॉबवर मूळची सीलची तार शाबूत असेल तर ती तोडू नका, किंमत तिलाच आहे.

सोबत दाबमापक असेल आणि आकड्यांवरचा रंग पिवळट-तपकिरी पडला असेल तर काच उघडू नका. तो रंग रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो.

प्रश्न (नाशिक): रबर चिकट होतंय. व्हॅसलिन लावू का?

उत्तर: नको. नैसर्गिक रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. कोरड्या सुती कापडाने पुसा आणि आत आम्लरहित टिश्यू भरून मूळ आकार धरून ठेवा. वर्तमानपत्र चालणार नाही. पितळी किंवा तांब्याचा सुटा भाग रबराला टेकू देऊ नका. इन्व्हर्टर, मोटर किंवा झेरॉक्स मशीनच्या खोलीत ठेवू नका, ओझोनने ताणलेल्या घड्यांना चिरा पडतात आणि सुरुवात हनुवटीच्या वळणापासून होते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की बदला.

प्रश्न (पुणे): एमबीयू-५/पी या महायुद्धानंतरच्या अमेरिकन ऑक्सिजन मास्कचा काळ कसा ठरवायचा?

उत्तर: लेबलवरच्या साठा क्रमांकाचे (लष्करी स्टॉक नंबरचे) अंक मोजा. ११ अंकी असेल तर १९७४ च्या आधीची पद्धत, १३ अंकी असेल तर नंतरची. दोन्हींची सुरुवात १६६० ने होते. मात्र लेबल नळीवर आणि चेहऱ्याच्या भागावर वेगवेगळं असू शकतं. सुटे भाग सर्रास बदलले जात, म्हणून दोन्ही वाचा.