दिवाडीला जायचंय, पण कुठल्या वाटेनं?

प्रश्न : ताई, गोव्याला दोनदा गेलो, दोन्ही वेळा नुसता समुद्र. आता सासूबाईंना दिवाडी बेट दाखवायचं म्हणते. त्यांचे गुडघे दुखतात. एका दिवसात होईल का? त्यांचं माहेर हलशी, देवळांची फार आवड.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : होईल, पहाटे निघालात तर. पण पणजीकडून जाऊ नका. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली आणि मग नार्वे. ऐन पावसात मात्र हा घाट नकोच.

नार्व्याला आधी सप्तकोटीश्वराचं दर्शन घ्या. हा देव मूळचा दिवाडीचा, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ मोडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्यात आलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी देऊळ बांधून घेतलं. याच कदंबांची दुसरी राजधानी सासूबाईंच्या माहेरी, हलशीला होती. हे त्यांना गाडीतच सांगा. मी आईला सांगितलं तेव्हा ती गाभाऱ्यापुढून हलेचना.

नार्व्याहून फेरीबोटीनं दिवाडी. ओहोटीला धक्क्यावरचा उतार शेवाळानं निसरडा असतो, तेव्हा त्यांना गाडीतच बसू द्या. पलीकडे खाजनाची शेतं लागतात. बांध घालून खारं पाणी अडवलेलं, आत भात. भरतीच्या पाण्याला दार लावणारी ‘मानस’ एकदा थांबून बघाच.

पिएदादच्या टेकडीवर चर्चपर्यंत गाडी जाते. तिथल्या दफनभूमीत एक लहानसं चॅपेल आहे. आत जाऊन मान वर करा. छताचा कोरीव दगड कदंबांच्या काळातला आहे. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हे आपल्याकडचंच काम गं.” सासूबाईही तेच म्हणतील, असं मला वाटतं.

जुना गोवा समोरच्या काठावर, पुन्हा फेरीनं. तिथली चर्चं तुम्ही बघितली असतील, तर तो वेळ चोडण बेटाला द्या. रायबंदरहून फेरी आहे. तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं कांदळवन. चिखल उघडा पडला की निवट्या दिसतात. बोटभर मासे, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालतात. माणसाची सावली पडली की बिळात.

डबा घरूनच न्या. आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे बेटावर उतरतानाच विचारून ठेवा.